अधल्यामधल्या हवेतली हाक

उत्तर नाही.
आवाज वाढव.
उत्तर नाही.
आवाज वाढव.

हे माणसांचं बोलणं नाही. पाकोळी नावाच्या यानाच्या पोटात बसवलेला रेडिओ त्या दुपारी समुद्रावर, खूप उंचावर, स्वतःशीच असं बोलत होता. खाली कोकणात, बोरसड्याच्या तळावर केतकी परुळेकर हेडफोन लावून बसली होती आणि तिच्या कानात नुसती खरखर येत होती.

पाकोळीत एकच माणूस होता. तो केतकीचा नवरा होता, आणि गेला आठवडाभर ती त्याच्याशी बोलत नव्हती.

घरातली शांतता

अबोल्याचेही प्रकार असतात. केतकीच्या आईचा अबोला भांडी आपटणारा होता, शेजाऱ्यांना कळल्याशिवाय तो पुरा होत नसे. केतकीचा गुळगुळीत. चहा वेळेवर, डबा वेळेवर, इस्त्रीचे कपडे जागेवर. फक्त शब्द नाही. जे सांगायचं ते ओवीमार्फत.

"ओवी, बाबांना सांग, गिझर चालू आहे."

बाबा, म्हणजे सौमित्र, त्याच टेबलाशी, ओवीपेक्षाही केतकीच्या जवळ बसलेला.

"बाबा, गिझर चालू आहे."

"आईला सांग, ऐकलं."

"आई, बाबांनी ऐकलं." ओवीनं पोळीचा तुकडा मोडला. तिसरीतली मुलगी, पण बसायची मोठ्या बाईसारखी. "मी काय मोबाइलचा टॉवर आहे का? दोघांच्या मधे उभी करून ठेवली आहे."

सौमित्र हसला. केतकीलाही हसू आलं, ते तिनं आमटीच्या वाटीत बुडवलं. त्यानं ते पाहिलं. पाहिलं हे तिलाही कळलं. तरी कोणी बोललं नाही. कारण अबोल्यात जो आधी बोलतो त्याची चूक होती असं ठरतं, आणि चूक आपली नव्हती याची दोघांनाही खात्री होती.

चूक कोणाची

पाकोळी म्हणजे रॉकेटनं वर फेकायचं आणि पंखांवर तरंगत खाली आणायचं यान. अजून चाचण्याच चालू होत्या. पुढे त्यात प्रवासी बसणार होते, आणि विमानात खाण्याचे ट्रे गोळा होईपर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोचणार होते. एकच अडचण. एवढ्या वेगानं हवेत शिरताना पुढची हवा दबते, तापते, तिचे रेणू फुटतात आणि यानाभोवती विजेनं भारलेल्या वायूचं वेष्टण तयार होतं. त्यातून रेडिओची लहर जात नाही. काही काळ यान मुकं आणि बहिरं. मग ते खाली येतं, वेग कमी होतो, वेष्टण विरतं आणि आवाज परत येतो.

मागच्या उड्डाणात आवाज परत यायला बराच उशीर झाला होता. उतरल्यावर सौमित्र नेहमीसारखा हसत बाहेर आला आणि त्यानं रडारवरच्या मेस्त्रीकाकांना टाळी दिली. आणि पुढच्याच बैठकीत म्हणाला, "मला वर जास्त पॉवर हवी. वेष्टण असो, नसो, ते फोडून आवाज खाली पोचला पाहिजे."

अँटेना केतकीची. तिच्या शक्तीची मर्यादाही तिनंच बांधलेली. ती उठली आणि फळ्यावर तिनं एक झोपाळा काढला.

झोपाळ्याचा मुद्दा असा. हवेत कायम थोडे सुटे इलेक्ट्रॉन भटकत असतात. अँटेनातून सूक्ष्मलहरी निघाल्या की त्या या इलेक्ट्रॉनांना पुढे-मागे, पुढे-मागे झोके देतात. जमिनीलगत हवा दाट, गर्दीत झोपाळा टांगल्यासारखी. झोका घ्यायच्या आधीच कोणाला तरी धक्का लागतो आणि वेग मरतो. फार उंचावर झोके हवे तेवढे, पण आदळायला रेणूच नाहीत. मात्र या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो. तिथं झोका रंगतोही आणि नेमका रंगात आल्यावर रेणूही समोर येतो. त्या धडकेत रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो. एकाचे दोन, दोनांचे चार. पापणी लवायच्या आत अँटेनासमोरची हवा ट्यूबलाइटच्या आतल्यासारखी चमकायला लागते. आणि चमकणारी ही हवा पत्र्यासारखी वागते. आतली लहर तिच्यावर आपटून आत, बाहेरची बाहेर.

"वेष्टण वेगामुळे होतं, ते आपोआप विरतं," केतकी म्हणाली. "हा पत्रा आपण स्वतः करू. जितकी पॉवर जास्त तितका जाड. आणि त्या उंचीवर पाकोळीच्या अंगाला आधीच सुटे इलेक्ट्रॉन चिकटलेले असतात. म्हणजे कापूस पिंजून ठेवलेला, ठिणगीच काय ती आपली."

रडार सांभाळणारे यशवंत मेस्त्री मालवणचे. गंभीर गोष्ट आली की त्यांची भाषा आपोआप घरी जायची. "म्हणजे आपणच आपल्या तोंडार पत्रो मारूचो."

"अगदी तसंच. त्या अधल्यामधल्या हवेत हळू बोललं तर ऐकू जातं. ओरडलं तर मुकं."

प्रकल्पप्रमुख प्रभुदेसाई मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "हे तू निर्वात पेटीत पाहिलंस. यानावर नाही."

"यानावर पाहायचं म्हणजे मॅडम, कोणीतरी आत असताना पाहायचं."

"आतला माणूस इथंच बसला आहे," सौमित्र म्हणाला. केतकीकडे न बघता म्हणाला. "मॅडम, मी ओरडतोय आणि खाली कोणाला पत्ता नाही, हे मी पुन्हा करणार नाही. मर्यादा वाढवा. उत्तर आलं नाही तर रेडिओनं आपोआप आवाज चढवत न्यावा, अशी सोय करा."

तशी सोय झाली. केतकीनंच केली, तिची अँटेना दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची तिची तयारी नव्हती. गाडीतून घरी जाताना ती म्हणाली, "सगळ्यांसमोर माझ्याविरुद्ध बोललास."

"मी माझ्या बाजूनं बोललो."

घाट उतरेपर्यंत कोणी काही बोललं नाही. आणि मग ते तसंच राहिलं.

पट्टी

कोकणात डोंगरावर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला सडा म्हणतात. बोरसड्यावर तळाची एकच धावपट्टी होती, दोन्ही टोकांना कडा. त्या दुपारी पाकोळी वर वेष्टणात शिरलेली असताना, तिच्या उतरण्याचे फोटो काढायला गेलेलं छोटं विमान परत आलं. टेकताना त्याचा टायर फुटला. विमान घसरलं, फिरलं आणि धावपट्टीवर आडवं पडलं. त्यातली दोघं धडधाकट बाहेर आली. विमान मात्र तिथंच, पंख मोडून, इंधन गळत.

ते लगेच हलणार नव्हतं, आणि पाकोळी लगेच येणार होती.

पाकोळीला उतरताना इंजीन नसतं. परत वर जाऊन घिरटी मारणं तिला ठाऊक नाही. येईल ती एकदाच. समुद्रावर उतरवावं म्हटलं तर त्या वेगाला पाणी म्हणजे फरशी. दुसरी धावपट्टी सह्याद्रीपलीकडे, देशावर, मुरमाळला. तिथं पोचण्याइतकी उंची पाकोळीकडे होती, पण थोडाच वेळ. किनारा जवळ आला की तिचा स्वयंचालक नागमोडी वळणं घेऊन उंची घालवायला लागणार होता, म्हणजे बोरसड्यावर बरोबर खाली येता यावं. ती वळणं एकदा सुरू झाली की सह्याद्री ओलांडणं विसरायचं.

तेव्हा सौमित्रला सांगायचं होतं ते एवढंच: बोरसडा बंद. वळू नकोस. सरळ मुरमाळला जा.

"सांग त्याला," प्रभुदेसाई मॅडम म्हणाल्या.

"संपर्क नाही."

"अजून? एव्हाना वेष्टण विरतं ना?"

"विरतं," केतकी म्हणाली. वेष्टण विरलं होतं. मेस्त्रीकाकांच्या पडद्यावरचा वेग आणि उंची बघितली तरी कळत होतं. आता वर जी शांतता होती ती वेगाची नव्हती.

उत्तर नाही.
आवाज वाढव.
उत्तर नाही.
आ वा ज  वा ढ व.

"आपण जोरात हाक देऊ या," शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, आणि केतकी नको म्हणेपर्यंत कोणीतरी बटण फिरवलंसुद्धा.

हाक म्हणजे तळावरून सतत जाणारा एक साधा सूर. 'आम्ही आहोत' एवढाच त्याचा अर्थ. पाकोळीच्या शेपटाशी, पत्र्यापासून दूर, एक चिमुकला कान होता. त्याला शब्द कळत नसत, हा सूर आहे की नाही एवढंच कळे. सूर असेल तर सौमित्रसमोर एक हिरवा दिवा लागायचा. आणि रेडिओ समजायचा की तळ समोरच आहे, पण उत्तर देत नाही. म्हणजे आपला आवाज कमी पडतो आहे.

आवाज वाढव.

हाक वाढली. हिरवा दिवा आणखी लख्ख झाला असणार. वर पत्रा आणखी जाड झाला असणार.

केतकीला हे सगळं एकदम, एखादं चित्र भिंतीवर टांगलेलं दिसावं तसं दिसलं. आणि त्याच्यामागून दुसरं काहीतरी आलं. आमटीची वाटी. टेबलाशी बसलेले दोघं.

"हाक बंद करा," ती म्हणाली.

कोणी हललं नाही.

"हाक बंद करा. पूर्ण."

प्रभुदेसाई मॅडम तिच्या खुर्चीजवळ आल्या. त्यांचा आवाज खाली होता. "केतकी, तो वर एकटा आहे. त्याच्यासमोर आपला म्हणून एकच दिवा आहे. तो तू विझवायला सांगते आहेस."

"तो दिवा आहे म्हणूनच रेडिओ ओरडतो आहे. दिवा गेला की त्याला वाटेल तळ क्षितिजाखाली गेला. तो तीनदा आणखी ओरडून बघेल, मग गप्प बसून ऐकायला लागेल. तो गप्प झाला की पत्रा गेला, तिथली हवा लगेच विझते. मग आपलं ऐकू जाईल."

"आणि सौमित्र? दिवा गेला म्हणून घाबरून त्यानं स्वतःच बटण दाबलं, ओरडत सुटला तर? हातानं दाबलं तरी तीच पॉवर आहे ना?"

"तीच."

"मग?"

"मग संपलं," केतकी म्हणाली. "पण नाही दाबणार."

"कशावरून?"

खोलीत दहा-बारा माणसं होती आणि सगळी ऐकत होती. "आमचा अबोला चालू आहे," केतकी म्हणाली. "मी गप्प झाले की तो आधी चिडतो. एकदोनदा मोठ्यानं विचारतो. मग आपणही गप्प होतो आणि जिन्यात जाऊन बसतो, मी कधी बोलते याची वाट बघत. कान इकडेच असतो."

"हे तू कशाच्या आधारावर सांगते आहेस?"

"लग्नाच्या."

मेस्त्रीकाका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मॅडम, पद्धत बरोबर आसा. आमच्या घराकडे पण हीच." मग लगेच, दुसऱ्या आवाजात, "वळणाची जागा लांब नाय आता."

प्रभुदेसाई मॅडमनी स्वतः हात पुढे केला आणि हाक बंद केली.

.

तळ गप्प.

पंखा.

कोणाच्या तरी खुर्चीचं चाक.

एकदा ओरडला असेल.

त्याच्यासमोरचा दिवा गेला. तो दिव्याकडे बघत असेल. दिव्यावर टिचकी मारत असेल. बाथरूमचा बल्ब गेला तरी आधी टिचकीच मारतो.

दुसऱ्यांदा.

बोलायचं का? आत्ता बोललं आणि तिसऱ्यांदा ओरडायचा असला तर शब्द पत्र्यावर जातील, वर रेडिओला तळ परत आल्याची चाहूल लागेल आणि सगळं पहिल्यापासून. थांबावं तर मेस्त्रीकाकांच्या पडद्यावरची पाकोळीच्या वाटेची रेघ पुढेच सरकते आहे.

जो आधी बोलतो त्याची

जो आधी बोलतो

तिसऱ्यांदा. असेल. असायला हवं.

"केतकीबाय," मेस्त्रीकाका म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

तिनं माइकचं बटण दाबलं.

बोलणं

बोलायला सुरुवात करण्याआधी तिनं खोलीकडे वळून एवढं सांगितलं होतं: मी बोलत असेपर्यंत रेडिओ मधे तोंड घालणार नाही, ती शिस्त त्याला आहे. मी थांबले की तो लगेच 'मिळालं' म्हणून पोच देईल, आणि ती पोच तो आता चढलेल्या आवाजातच देईल. म्हणजे पुन्हा पत्रा. तेव्हा सौमित्रनं बोलण्याचं बटण बंद केलं हे आपल्याला कळेपर्यंत मला थांबता येणार नाही.

"कळणार कसं?" मॅडमनी विचारलं होतं. "बंद केलं असेल तर तो सांगणार नाही."

"रेघेवरून. सरळ राहिली तर ऐकलं. वळली तर नाही." आणि आता ती माइकमध्ये बोलत होती.

"सौमित्र, बोलू नकोस. ऐक. बोलण्याचं स्विच पूर्ण बंद कर, पोचही देऊ नकोस. बोरसडा बंद आहे. पट्टीवर विमान आडवं पडलंय. वळू नकोस. स्वयंचालक काढ आणि सरळ मुरमाळला जा. तुझ्याकडे उंची आहे. परत सांगते. बोलू नकोस. स्विच बंद. बोरसडा बंद. सरळ मुरमाळ. परत सांगते..."

तिनं परत सांगितलं. पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना शब्दांचा अर्थ निघून गेला आणि मुरमाळ हे नावच आहे की नाही अशी तिला शंका आली. घसा कोरडा पडला. थांबून चालणार नव्हतं. आणि एकच वाक्य घोळवत राहिलं तर जीभ अडखळेल, एखाद्या क्षणाची फट पडेल, आणि तेवढ्यात ती पोच. म्हणून ती पुढे सरकली. कुठे सरकतो आहोत हे न बघता.

"...आणि गिझरचं बटण तू परत चालूच ठेवून गेला होतास, मी बंद केलं. ओवीचा दात हलतोय, वरचा. तिनं मला सांगितलं नाही, तुला सांगितलंय हे मला माहीत आहे. शाळेतून तिला आणायला शेजारच्या वहिनी गेल्यात. बोलू नकोस. सरळ जा. मुरमाळला वारा पश्चिमेचा आहे, थोडासा, तुझ्या पाठीशी. तुझ्या निळ्या शर्टाचं बटण मी लावलं, पण दोरा पांढरा होता, निळा संपला होता..."

खोलीतली माणसं खाली बघत होती. एकमेकांकडे बघायचं टाळत होती. प्रभुदेसाई मॅडमनी पाण्याची बाटली उघडून तिच्यासमोर ठेवली; बोलता बोलता ती पिणार कशी हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"वळणाची जागा इली," मेस्त्रीकाका म्हणाले.

"...बोरसडा बंद. सरळ. बैठकीत तू बोललास ते मला लागलं. तू म्हणालास, मी माझ्या बाजूनं बोललो. मी आठवडाभर ते वाक्य घेऊन बसले आहे, की म्हणजे माझ्या आणि याच्या बाजू कधीपासून वेगळ्या झाल्या. आणि आत्ता इथं बसून कळतंय की मागच्या वेळी तू खाली आलास तेव्हा मी तुला काय विचारलं. मी तापमान विचारलं. अँटेनाच्या खिडकीला तडा गेला का विचारलं. वर काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. तू मेस्त्रीकाकांना टाळी दिलीस आणि मला वाटलं, झालं, ठीक आहे हा. काय झालं होतं वर? सांगू नकोस. आत्ता सांगू नकोस. आत्ता काहीच सांगू नकोस, सौमित्र, स्विच बंद ठेव..."

"डावीकडे झुकला," मेस्त्रीकाका म्हणाले.

पडद्यावरची रेघ डावीकडे झुकली होती. वळणाची सुरुवात अशीच होते. प्रभुदेसाई मॅडमनी टेबलाची कड धरली. केतकीनं ती रेघ बघितली आणि तिचं तोंड चालूच राहिलं, तिच्याशिवाय चालल्यासारखं. जिन्यातल्या कुंड्या. गॅसवाल्याचा फोन. सरळ. मुरमाळ. ओवीच्या वर्गातली ती मुलगी जी बेडूक पाळते. बोलू नकोस. मुरमाळ. बोलू नकोस. तिला वाटलं की आपण मेलेल्या माणसाशी बोलतो आहोत आणि तरी आपल्याला थांबता येत नाही, आणि लोक जे वेडे होतात ते असेच होत असणार.

रेघ तशीच झुकलेली.

मग ती उजवीकडे आली. आली तेवढी आली आणि थांबली.

"सरळ झाला," मेस्त्रीकाका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. "स्वयंचालकानं वळण सुरू केल्यानी. कोणीतरी हातान मोडून काढल्यानी. केतकीबाय, सरळ आसा. वळणाची जागा गेली मागे."

कोणीतरी खुर्चीत मागे पडलं. कोणीतरी नाक ओढलं. केतकी बोलतच होती.

"केतकी," मॅडम म्हणाल्या, "त्यानं ऐकलंय. स्विच बंदच असणार. थांबलीस तरी चालेल."

तिनं मान हलवली. असणार, हा शब्द तिला पुरत नव्हता. पाकोळी किनाऱ्यावरून, बोरसड्यावरून, आडव्या पडलेल्या त्या विमानावरून गेली. ती दिसण्याइतकी खाली नव्हती, पण थोड्या वेळानं तिच्या वेगाचा दुहेरी दणका खिडक्यांवर येऊन आदळला आणि सड्यावरच्या टिटव्या ओरडत उठल्या. केतकी त्यातूनही बोलत होती. आता वाऱ्याबद्दल, आता मुरमाळच्या पट्टीच्या लांबीबद्दल, मग आईच्या भांडी आपटण्याबद्दल. आवाज बसला होता. शेवटी शेवटी ती नुसती कुजबुजत होती, आणि शब्द नीट निघतात की नाही हेही तिला कळत नव्हतं. पण त्या कुजबुजीत फट नव्हती.

मुरमाळहून लँडलाइनवर फोन आला. मेस्त्रीकाकांनी तो घेतला, ऐकला आणि तिच्या माइकवर हात ठेवला.

"टेकला," ते म्हणाले. "आता गप ऱ्हव."

नंतर

मुरमाळच्या लोकांनी सौमित्रला बाहेर काढून खुर्चीवर बसवलं होतं. तो ठीक आहे म्हणाले. प्रभुदेसाई मॅडम त्याच्याशी आधी बोलल्या, तो त्यांचा मान होता. त्यांनी चार प्रश्न विचारले, चारही उत्तरांवर हो-हो केलं, आणि म्हणाल्या, "पुढच्या उड्डाणाआधी मर्यादा खाली आणतो आपण. हो, तिच्याच आकड्यावर." मग रिसीव्हर केतकीच्या हातात दिला आणि सगळ्यांना बाहेर चला म्हणून खूण केली. मेस्त्रीकाका तेवढे राहिले. त्यांचा पडदा बंद करायचा होता, किंवा तसं त्यांनी दाखवलं.

केतकीनं रिसीव्हर कानाला लावला. तिच्या घशातून आधी आवाजच आला नाही. पलीकडूनही नाही. लाइनवर किड्यांसारखी किरकिर होती.

"दिवा गेला तेव्हा," तो म्हणाला आणि थांबला.

"हं."

"मला वाटलं गेलात तुम्ही सगळे. हात बटणावर होता माझा. दाबणारच होतो." तो पुन्हा थांबला. "मग वाटलं, ही ती असणार. असं गप्प फक्त तीच होते."

केतकीनं फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"स्विच लगेच बंद केलं. तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच. डावीकडे झुकवलं ते मशीननं. मला काढायला वेळ लागला, हात ओले होते."

"पाहिलं आम्ही."

"तू विचारलंस ना, मागच्या वेळी काय झालं होतं."

"आत्ता नको सांगूस. घरी आल्यावर."

"मी सांगितलं," तो म्हणाला. "तू विचारत होतीस तेव्हाच. स्विच बंद होतं, तरी मी सगळ्याला उत्तर देत होतो. गिझरपासून. सगळं सांगून झालं माझं."

केतकीनं डोळे मिटले. खिडकीबाहेर कोणीतरी पट्टीवरच्या विमानाला दोर बांधायला ओरडत होतं.

"परत सांगशील?"

तो सांगायला लागला. त्याचा आवाज फार बारीक होता. दमलेला होता, की लाइन खराब होती, की ते सांगायला तेवढाच आवाज लागत होता, कोण जाणे. अर्धे शब्द किरकिरीत जात होते. मेस्त्रीकाकांनी फोनचा आवाज वाढवायला हात पुढे केला, तो तिनं मनगटाला धरून थांबवला. दुसऱ्या कानावर तळहात घट्ट दाबला, टेबलावर वाकली आणि ऐकत राहिली. मोठ्यानं बोल, असं ती म्हणाली नाही.